लॉगमधला शेवटचा रकाना

त्या गृहस्थांना मी तीन मिनिटांत नाही म्हणून मोकळी झाले होते.

ते आणि त्यांची बहीण ओपीडीतून थेट माझ्या टेबलापाशी आले. हातात डॉक्टरांची चिठ्ठी. हृदय कमकुवत झालेले, पायांवर सूज, उशाला दोन उशा घेतल्याशिवाय झोप नाही. आमच्या ट्रायलला, म्हणजे रुग्णांवर होणाऱ्या औषधाच्या चाचणीला, हवे होते अगदी तसेच रुग्ण. मी बोलायला लागले तशी त्यांनी बहिणीकडे पाहिले, तिने हातांनी काही खुणा केल्या, आणि मग माझ्या लक्षात आले की त्यांना ऐकू येत नाही. मी प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाची लेखी नियमावली, उघडला. वगळण्याच्या निकषांत सातवी ओळ होती : ‘संमतीपत्र स्वतः वाचून समजून घेऊ न शकणारी किंवा संशोधन-कर्मचाऱ्यांशी थेट संवाद साधू न शकणारी व्यक्ती.’ मी बहिणीला म्हटले, “ताई, या अभ्यासात त्यांना घेता येणार नाही. उपचार मात्र नेहमीसारखेच चालू राहतील.” तिने मान हलवली, भावाला काहीतरी सांगितले आणि दोघे निघून गेले. कोणाला घेतले, कोणाला वगळले हे नोंदवायच्या स्क्रीनिंग लॉगमध्ये मी तारीख, वय, लिंग भरले. शेवटच्या रकान्यात, ‘कारण’ या शब्दाखाली, ‘भाषेची अडचण’ असे लिहिले आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली.

त्यांना त्यांची भाषा उत्तम येत होती. मला ती येत नव्हती. एवढे साधे वाक्य सुचायला मला चार महिने लागले.

मी क्लिनिकल ट्रायलची को-ऑर्डिनेटर आहे. रुग्ण शोधणे, त्यांना अभ्यास समजावणे, संमती घेणे, तपासण्यांच्या तारखा सांभाळणे, कागद नीट ठेवणे, हे माझे काम. आमची ही ट्रायल हार्ट फेल्युअरच्या रुग्णांसाठी होती. औषध नवे नव्हते. स्पायरोनोलॅक्टोन ही जुनी, सगळ्यांना माहीत असलेली गोळी. तिचा डोस वाढवण्याच्या दोन पद्धतींपैकी कोणती चांगली, एवढाच प्रश्न होता. दोन्ही पद्धती डॉक्टर आधीपासून वापरत होते.

रुग्ण मिळण्याचा वेग कमी पडला तेव्हा वरून पत्र आले : चार महिन्यांच्या स्क्रीनिंग लॉगचा गोषवारा पाठवा. असे पत्र आले की दुपारभरात तक्ता करून पाठवायचा, ही नेहमीची रीत. त्या दिवशी मात्र मी शेवटचा रकाना वरपासून खालपर्यंत सलग वाचला. ‘वय ७५ पेक्षा जास्त.’ ‘सोबत कोणी नाही.’ ‘फोन नाही.’ ‘लांब राहतात.’ ‘चालता येत नाही.’ ‘भाषेची अडचण.’ ‘पालन होण्याची शक्यता कमी.’ पुन्हा ‘पालन होण्याची शक्यता कमी’. अक्षर सगळे माझेच. एकेकटी ओळ वाचली तर प्रत्येकीत तथ्य वाटत होते. सगळ्या एकाखाली एक वाचल्यावर दिसले, की ज्यांना हा आजार सर्वांत जास्त छळतो त्यांनाच मी एकेक करून दारातून परत पाठवले होते. म्हातारी माणसे, एकटी माणसे, रोजंदारीवरची माणसे, दुसरी भाषा बोलणारी, अपंग.

मग मी आणखी एक काम केले, जे मला कोणी सांगितले नव्हते. वॉर्डाचे रजिस्टर मागवले आणि त्याच चार महिन्यांत हार्ट फेल्युअर म्हणून दाखल झालेल्यांची नावे लॉगशी ताडून पाहिली. कितीतरी जणांची लॉगमध्ये नोंदच नव्हती. त्यांना नाही म्हणण्याचीही वेळ आली नव्हती, कारण त्यांना कोणी विचारलेच नव्हते. निवासी डॉक्टरांना विचारले तर एक जण प्रामाणिकपणे म्हणाला, “त्या आजींना कशाला त्रास द्यायचा, असं वाटलं. एवढे कागद, एवढ्या खेपा.” त्याच्या मनात वाईट काही नव्हते. त्याला आजींची कणव होती, आणि त्या कणवेपोटी आजींचा निर्णय त्यानेच घेऊन टाकला होता.

गोषवारा पाठवण्याआधी मी तो आमच्या मुख्य संशोधक मॅडमना दाखवला. रागावतील अशी भीती होती. त्यांनी तक्ता दोनदा वाचला, कपाटातून दोन जुने शोधनिबंध काढले आणि म्हणाल्या, “हे दोन्ही एकापाठोपाठ वाच.”

पहिला १९९९ सालचा. ‘रेल्स’ नावाची ट्रायल, १,६६३ रुग्ण, औषध आमचेच : स्पायरोनोलॅक्टोन. गंभीर हार्ट फेल्युअरमध्ये या गोळीने मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी कमी होतो असे तिने दाखवले. त्या ट्रायलमधल्या रुग्णांचे सरासरी वय ६५ होते, आणि ज्यांची मूत्रपिंडे बरीच बिघडलेली होती त्यांना आधीच बाजूला ठेवले होते. दुसरा निबंध २००४ सालचा, कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातला. ‘रेल्स’चा निकाल आल्यावर तिथल्या डॉक्टरांनी ही गोळी भराभर लिहायला सुरुवात केली होती. संशोधकांनी ६६ आणि त्यापुढच्या वयाच्या रुग्णांच्या नोंदी पाहिल्या. रक्तातले पोटॅशियम धोकादायक वाढल्यामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण १९९४ मध्ये हजारी २.४ होते, ते २००१ मध्ये हजारी ११ झाले. त्यातून होणारे मृत्यू हजारी ०.३ वरून २ वर गेले. औषध तेच. पण ते आता अशा माणसांच्या पोटात जात होते ज्यांच्यासारखी माणसे ट्रायलमध्ये फारशी नव्हती, आणि ट्रायलमध्ये होती तशी काटेकोर रक्ततपासणीही त्यांच्या वाट्याला आली नव्हती.

मी लॉगकडे पाहिले. ‘वय ७५ पेक्षा जास्त’ असे लिहून मी ज्यांना परत पाठवले होते त्यांतल्या बहुतेकांना हीच गोळी ओपीडीतून चालूच होती. ट्रायलबाहेर ठेवून मी त्यांना औषधापासून वाचवले नव्हते. त्यांच्या शरीरात ते औषध काय करते हे कोणी लिहून ठेवणार नाही, एवढीच व्यवस्था केली होती.

पुढचे सहा आठवडे आम्ही प्रोटोकॉल ओळीओळीने वाचला. मॅडम, संख्याशास्त्रज्ञ, एक नर्स आणि मी. प्रत्येक निकषाला एकच प्रश्न : ही ओळ कोणाला सांभाळते? रुग्णाला सांभाळत असेल तर ठेवायची. निष्कर्षाला सांभाळत असेल तर खरेच सांभाळते का ते तपासायचे. आमची सोय सांभाळत असेल तर काढायची.

७५ वर्षांची मर्यादा कुठून आली हे कोणालाच सांगता येईना. शोधता शोधता कळले की ती आधीच्या एका ट्रायलच्या प्रोटोकॉलमधून जशीच्या तशी आली होती आणि त्या प्रोटोकॉलमध्ये ती आणखी जुन्या कुठल्या तरी कागदातून. वय झाले की औषध सोसत नाही, ही समजूत वैद्यकात अनेकदा चुकलेली आहे. ऐंशीच्या पुढे रक्तदाब औषधाने कमी करावा की नाही यावर किती वर्षे वाद चालला होता. मग ‘हायवेट’ ट्रायलने ८० आणि त्यापुढच्या ३,८४५ जणांना घेऊन तो प्रश्न सरळ विचारला. फायदा इतका स्पष्ट दिसला की ट्रायल मुदतीआधी थांबवावी लागली. २००८ मध्ये निकाल छापून आला तेव्हा औषध घेणाऱ्यांमध्ये एकूण मृत्यू २१ टक्क्यांनी कमी होते. वृद्धांना घेतलेच नसते तर वाद अजून चालू राहिला असता. आम्ही वयाची वरची मर्यादा काढून टाकली.

मूत्रपिंडाचा निकष मात्र ठेवला. मूत्रपिंडे कमकुवत असली की या गोळीने पोटॅशियम वाढण्याचा धोका जास्त, आणि ओंटारिओचा निबंध वाचल्यावर त्याबद्दल दुमत नव्हते. गरोदर स्त्रियांना न घेण्याचा निकषही ठेवला, कारण या औषधाचा नर गर्भावर परिणाम होतो हे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसलेले आहे. पण ‘मूल होऊ शकणाऱ्या वयाची स्त्री’ ही सरसकट ओळ गेली. गरोदरपणी घेतल्याने बाळांत जन्मजात व्यंगे आणणाऱ्या थॅलिडोमाइड या औषधाच्या भीषण अनुभवानंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७७ मध्ये अशा स्त्रियांना ट्रायलच्या सुरुवातीच्या टप्प्यांपासून दूर ठेवायला सांगितले होते आणि १९९३ मध्ये तो सल्ला मागे घेतला. मधल्या सोळा वर्षांतली सवय कागदांत अजून उरली आहे. तिची किंमत काय असते? झोपेच्या ‘झोल्पिडेम’ या औषधाचा स्त्रियांसाठीचा डोस २०१३ मध्ये १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणावा लागला, कारण स्त्रियांच्या रक्तात ते सकाळपर्यंत जास्त प्रमाणात उरते. तोवर हे औषध दोन दशके बाजारात होते.

आम्हाला अडवणाऱ्या काही गोष्टी निकषांच्या यादीत नव्हत्याच, मोजमापात दडलेल्या होत्या. ट्रायलचा एक मुख्य निष्कर्ष ‘सहा मिनिटांत रुग्ण किती चालतो’ यावर होता. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस, पाय गमावलेला माणूस, गुडघे गेलेली आजी, यांचे हृदय कसे आहे हे त्या चाचणीतून कळणारच नाही. चाचणी ठेवली, पण ती न देता येणाऱ्याला बाहेर काढायचे नाही असे ठरले. त्यांच्यासाठी रुग्णालयात पुन्हा दाखल होणे, रक्ततपासणी आणि प्रश्नावली पुरेशी. घरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर तर मला सर्वांत निरुपद्रवी वाटत होते. २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या रुग्णांवर केलेला एक अभ्यास छापून आला होता : ऑक्सिमीटर ठीक आकडा दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात कमी असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के होते. त्वचेच्या रंगामुळे आकडा चढा दिसतो. आमच्या प्रोटोकॉलमध्ये ‘आकडा अमुकच्या खाली गेला तर फोन करा’ अशी सूचना होती. म्हणजे सावळ्या रुग्णाने फोन करायची वेळ उलटून गेल्यावर फोन केला असता. आता सूचनेत आकड्याआधी लक्षणे आहेत : दम लागला तर आकडा काहीही असो, फोन करा.

सर्वांत जास्त वेळ एका ओळीवर गेला. ‘संशोधकाच्या मते सूचनांचे पालन न करण्याची शक्यता असलेली व्यक्ती.’ जवळजवळ प्रत्येक प्रोटोकॉलमध्ये ती असते. मॅडम मला म्हणाल्या, “तू ही ओळ वापरून ज्यांना परत पाठवलंस, त्यातले एकेक जण आठव आणि का पाठवलंस ते सांग.” मी सांगायला लागले. एक गृहस्थ दारू प्यायचे, असे मला वाटले होते. विचारले नव्हते. एक बाई दोन लहान मुलांना घेऊन आली होती आणि मुले रडत होती. एक तरुण मजूर मागच्या दोन तारखांना ओपीडीत आला नव्हता. एका बाईच्या फाइलवर मानसोपचाराचा शिक्का होता. एका आजोबांचे कपडे मळलेले होते. शेवटचे सांगताना माझा आवाज फुटेना. कोणी काही बोलले नाही. नर्स उठून पाणी घेऊन आली.

तो मजूर तारखांना का आला नव्हता? मागाहून विचारले तेव्हा कळले : ओपीडीची वेळ सकाळी आणि सकाळी गेले नाही तर त्या दिवसाचे काम हातचे जाते. आम्ही नोंदलेला ‘पालन न करण्याचा’ दोष खरे तर आमच्या वेळापत्रकाचा होता. ती ओळ आम्ही पूर्णपणे काढली नाही, कारण क्वचित तिची खरी गरज पडते. पण तिच्यापुढे अट घातली : ही ओळ वापरायची तर कारण दोन वाक्यांत लिहायचे, रुग्णाला आधी विचारायचे आणि दुसऱ्या एका सहकाऱ्याची सही घ्यायची. त्यानंतर ती ओळ फार कमी वेळा वापरली गेली.

या सगळ्यात एक शब्द मला फार उपयोगी पडला. आमच्या क्षेत्रात अशा लोकांना ‘हार्ड टू रीच’ म्हणजे ‘पोचायला अवघड’ म्हणायची पद्धत होती. ब्रिटनच्या ‘एनआयएचआर’ या आरोग्य संशोधन संस्थेने २०२० मध्ये ‘इन्क्लूड’ नावाचे मार्गदर्शन काढले, त्यात ‘अंडर-सर्व्ह्ड’ म्हणजे ‘ज्यांना पुरेशी सेवा मिळाली नाही ते’ हा शब्द निवडला आहे. मराठीत ‘वंचित’ म्हटले तर त्याला वेगळेच अर्थ चिकटलेले आहेत. मी स्वतःपुरते ‘संशोधन ज्यांच्यापर्यंत पोचले नाही ते’ असे म्हणते. लांबलचक आहे, पण त्यात न पोचण्याचे काम कोणी केले ते दिसते. त्या मार्गदर्शनात आणखी एक मोलाची गोष्ट आहे : असा गट कोणता, याची सर्व अभ्यासांसाठी एकच यादी नसते. आजाराचा भार कोणावर किती आणि संशोधनात ते किती, हे प्रत्येक ट्रायलने स्वतः ताडून पाहायचे. एका ट्रायलमध्ये पुरुष सुटतील, दुसरीत स्त्रिया. कुठे किशोरवयीन, कुठे तुरुंगातली माणसे, कुठे स्मृतिभ्रंश झालेले.

कागद बदलले तरी माणसे कशी येणार, हे आम्हाला लोकांनाच विचारायचे होते. पहिली बैठक आम्ही वाया घालवली. सकाळी अकराची वेळ, तिसऱ्या मजल्यावरची सभागृहाची खोली, निमंत्रण ई-मेलने. तिघे आले, तिघेही निवृत्त, सुशिक्षित, निवांत. भली माणसे, पण आमच्या लॉगमधली नव्हेत. दुसऱ्या वेळी आम्ही जागा आणि वेळ त्यांना ठरवू दिली, ती संध्याकाळची निघाली. येण्याजाण्याचा खर्च आणि वेळेचा मोबदला त्याच दिवशी हातात दिला. सल्ला देणाऱ्या डॉक्टरला मानधन देतो, मग स्वतःच्या आजाराचा अनुभव सांगणाऱ्या बाईला चहापाण्यावर का बोळवायचे? खोलीत बसायला जागा कमी पडली.

तिथे जे ऐकले ते मी वहीत उतरवून घेतले. आईची शुश्रूषा करणारी एक बाई म्हणाली, “किती वेळा यायचं ते पहिल्या पानावर लिहा. तुम्ही अकराव्या पानावर लिहिलंय.” कोणाला कोणती पद्धत मिळणार हे सांगताना आम्ही वापरलेल्या ‘यादृच्छिक’ या शब्दावर एका काकांनी बोट ठेवले. मी समजावले तर म्हणाले, “मग चिठ्ठ्या टाकल्यासारखं म्हणा की. पण त्याआधी हे सांगा, की दोन्हीपैकी कोणतं चांगलं हे डॉक्टरांनाही माहीत नाही म्हणून चिठ्ठी. नाहीतर वाटतं, आमच्या जिवाची सोडत काढताय.” संमतीपत्र लिहिणाऱ्या किती तज्ज्ञांना हा क्रम सुचला असेल, सांगता येत नाही. मला सुचला नव्हता.

कोपऱ्यात बसलेल्या एका आजोबांनी बराच वेळ ऐकून विचारले, “आणि आम्हाला न सांगता औषधच बंद ठेवलंत तर?” माझा सहकारी “तसं कधी होत नाही” म्हणायच्या बेतात होता. मॅडमनी त्याला थांबवले आणि टस्कीगीची हकीकत सांगितली. अमेरिकेतल्या अलाबामामध्ये १९३२ पासून चाळीस वर्षे सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर सरकारी आरोग्य खात्याने अभ्यास केला. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना आजाराचे नाव धड सांगितले नाही, आणि १९४० च्या दशकात पेनिसिलिन हा उपाय हाती आल्यावरही तो दिला नाही. १९७२ मध्ये वर्तमानपत्रांत बातमी फुटली तेव्हा ते थांबले, आणि राष्ट्राध्यक्षांनी माफी मागायला १९९७ उजाडले. “असं झालेलं आहे,” मॅडम म्हणाल्या, “म्हणून तुम्ही हा प्रश्न विचारताय ते बरोबरच आहे. आता आमच्यावर कोण लक्ष ठेवतं, आणि तक्रार कोणाकडे करायची, ते सांगते.” खोलीतली शांतता वेगळी झाली. लोक ट्रायलला नाही म्हणतात ते अडाणीपणामुळे, असे मी पूर्वी अनेकदा ऐकले आहे आणि मान डोलावलीही आहे. त्या संध्याकाळनंतर नाही.

नवे संमतीपत्र चार पानांचे झाले, सविस्तर माहिती मागे जोडलेली. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ध्वनिमुद्रण. अशा व्यक्तीची संमती निष्पक्ष साक्षीदारासमोर घेण्याची सोय आंतरराष्ट्रीय नियमांत कित्येक वर्षांपासून आहे, आम्हीच ती वापरत नव्हतो. सही घेण्याआधी आता मी “समजलं ना?” असे विचारत नाही, त्याला सगळे हो म्हणतात. मी विचारते, “घरी कोणी विचारलं की हे काय आहे, तर तुम्ही कसं सांगाल?” त्यांच्या सांगण्यातून कुठे घोटाळा आहे ते लगेच कळते. बहुतेक वेळा घोटाळा माझ्या समजावण्यात असतो.

बहिऱ्या रुग्णांसाठी सांकेतिक भाषेतली चित्रफीत करायची ठरली तेव्हा माझी आणखी एक चुकीची समजूत गेली. मला वाटत होते, ऐकू येत नाही तर लिहून दाखवले की झाले. सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण असते. जे तिच्यातच वाढले अशा अनेकांसाठी लिखित भाषा ही दुसरी, नंतर शिकलेली भाषा असते. चित्रफीत एका बहिऱ्या शिक्षिकेने केली. आमची पहिली संहिता तिने परत पाठवली, कारण तिच्या मते आम्ही धोक्यांविषयी बोलताना अस्पष्ट होत होतो. ते खरे होते. आणि नातेवाइकाला दुभाषा करायचे नाही, हा नियम झाला. प्रेमापोटी नातेवाईक वाईट बातमी गाळतात, कधी रुग्णाच्या वतीने उत्तरही देऊन टाकतात.

प्रोटोकॉलची ही दुरुस्ती एथिक्स कमिटीपुढे, म्हणजे संशोधनातली नीती तपासणाऱ्या समितीपुढे, गेली. तिथे दोन आक्षेप आले आणि दोन्ही गंभीरपणे घेतलेले होते. एक पैशांचा : प्रवासखर्च आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई म्हणजे गरिबाला आमिष नाही का? आम्ही खर्चाची परतफेड, वेळेचा मोबदला आणि आमिष यांतला फरक मांडला. ‘सिओम्स’ या वैद्यक-संस्थांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वेही वाजवी परतफेड आणि वेळेचा मोबदला योग्य मानतात. भरपाई न देण्याने गरीब सुरक्षित राहत नाही, तो फक्त येत नाही. रक्कम किती हे कमिटीने ठरवून दिले आणि मधेच अभ्यास सोडला तरी तोवरचे पैसे मिळतील अशी अट घातली. ती अट आमच्या मसुद्यापेक्षा चांगली होती.

दुसरा आक्षेप एका ज्येष्ठ सदस्यांचा : दुर्बलांना संशोधनापासून जपणे हेच तर आपले काम. मॅडमनी हेलसिंकी घोषणापत्राची ऑक्टोबर २०२४ ची सुधारित आवृत्ती पुढे ठेवली. १९६४ पासून संशोधनाच्या नीतीचा हा पाया मानला जातो. त्यात आता स्पष्ट म्हटले आहे की वगळल्यामुळेही विषमता टिकते आणि वाढते, तेव्हा सामील केल्याने होणारी हानी आणि वगळल्याने होणारी हानी दोन्ही तोलून पाहा. सदस्यांनी तो परिच्छेद स्वतः वाचून दाखवला. पुढे जादा रक्ततपासण्यांची अट त्यांनीच सुचवली : मूत्रपिंड जेमतेम मर्यादेत असलेल्यांचे पोटॅशियम अधिक वेळा पाहायचे.

आमच्या संख्याशास्त्रज्ञाची शंका मात्र पुरती सुटलेली नाही आणि तशी ती सुटल्याचे मी सांगणार नाही. नाना तऱ्हेचे रुग्ण घेतले की आकडे जास्त पसरतात, मधेच गळणारे वाढतात, रुग्णसंख्या वाढवावी लागते. शिवाय एखाद्या गटातले दहा-वीस जण घेतले म्हणजे त्या गटाविषयी निष्कर्ष काढता येतो असे नाही. मागाहून गटवार आकडे काढले तर ते इशारा देतात, पुरावा नव्हे. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाचे तसेच झाले. ट्रायल १९९७ मध्ये छापली गेली, स्त्रियांचे आकडे वेगळे करून पाहिले ते २००२ मध्ये, आणि औषध घेणाऱ्या स्त्रियांत मृत्यू जास्त दिसले. ते खरेच औषधामुळे की योगायोगाने, यावर मग वाद. ट्रायलमध्ये स्त्रिया मुळात थोड्या होत्या. त्यांची संख्या आधीच विचार करून ठरवली असती तर उत्तर तेव्हाच मिळाले असते. म्हणून आम्ही ७५ वर्षांपुढच्यांचा गट आधीच आखून घेतला, बाकीच्यांविषयी अहवालात मोठे दावे करायचे नाहीत असे लिहून ठेवले. खर्च वाढला. संध्याकाळचे दवाखाने, घरी जाऊन रक्त घेणे, दुभाषे, सगळ्याला पैसे लागतात. पुढच्या अर्जात हे पैसे पहिल्या दिवसापासून मागायचे, मागून ठिगळ लावायचे नाही, एवढे शिकलो.

पण समावेश म्हणजे फक्त न्यायाचा हप्ता भरणे नव्हे, हेही मला या काळात वाचायला मिळाले. अमेरिकेतल्या डॅलस शहराच्या हृदय-अभ्यासात कृष्णवर्णीय लोक मुद्दाम मोठ्या संख्येने घेतले होते. त्यांच्यातल्या काहींच्या ‘पीसीएसके९’ या जनुकात असा बदल सापडला की त्यांचे वाईट कोलेस्टेरॉल जन्मभर कमी राहते. त्या शोधाने बळ दिलेली औषधे २०१५ मध्ये बाजारात आली आणि आज ती सर्व वर्णांच्या रुग्णांना दिली जातात. ती माणसे अभ्यासात नसती तर तो बदल कोणाला कधी दिसला असता?

दुरुस्ती मंजूर झाल्यावर मी जुना लॉग काढला आणि ज्यांना पुन्हा विचारता येईल अशांची यादी केली. ते गृहस्थ यादीत पहिले होते. बहिणीच्या फोनवर निरोप धाडला. ते आले तेव्हा दुभाषा बसलेला होता, संध्याकाळची वेळ होती. त्यांनी चित्रफीत पाहिली, मधे दोनदा थांबवून प्रश्न विचारले. माझ्या प्रश्नावर त्यांनी सगळा अभ्यास हातांनी बहिणीला समजावून सांगितला, आणि चिठ्ठ्या टाकण्याच्या जागी त्यांचे हात इतके नेमके फिरले की मला दुभाष्याची गरजच पडली नाही. सही केली. रक्त दिले. सव्वा तास गेला.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. मूत्रपिंडाचे काम आमच्या मर्यादेच्या खाली गेले होते. चार महिन्यांपूर्वी ते किती होते हे मला ठाऊक नाही, कारण तेव्हा मी तपासलेच नव्हते.

त्यांना पुन्हा बोलावून समोर बसून सांगितले. ही ओळ का आहे, पोटॅशियम म्हणजे काय, ओंटारिओमध्ये काय झाले होते, ओपीडीतल्या त्यांच्या गोळीबद्दल डॉक्टरांशी काय बोलले पाहिजे. ते दुभाष्याच्या हातांकडे पाहत होते. मग माझ्याकडे वळून त्यांनी सावकाश काही विचारले. दुभाषा क्षणभर थांबला आणि म्हणाला, “ते विचारतायत, माझ्यासारखी मूत्रपिंडं असलेल्यांना काय चालतं, हे कोण शोधतंय?”

माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि तसे मी त्यांना सांगितले. त्यांनी निकाल आल्यावर कळवा म्हणून पत्ता दिला. मी लॉग उघडला. शेवटच्या रकान्यात लिहिले : ‘मूत्रपिंडाचे कार्य मर्यादेखाली. कारण दुभाष्यामार्फत समजावले. निकाल कळवायचा आहे.’ रकाना तेवढ्यात भरला. त्यांचा प्रश्न मी पानाच्या समासात, त्यांच्याच शब्दांत लिहिला, आणि पुढच्या ट्रायलच्या आखणीच्या बैठकीसाठी त्या पानाची प्रत काढून मॅडमच्या टेबलावर ठेवली.